धरून राहिला

किस्सा ऐकून सगळा मांडव हसला. एकटा रत्नपाल शहारे हसला नाही. उठला, पँटची माती झटकली आणि निघून गेला.

दिवाळीनंतरची मंडई होती, म्हणजे आमच्याकडची जत्रा. आमच्या अर्जुनी मोरगावच्या बाजूला धान घरात यायला लागलं की गावोगाव मंडई भरते, आणि मंडई भरली की नाटक होतंच. माझं सगळं तारुण्य त्या नाटकांत गेलं. तलवार धरली, रडलो, मेलो, दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा मेलो. आता गुडघ्यांनी संप पुकारलाय. मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून बसतो, येणारेजाणारे चहा पाजतात आणि जुन्या गोष्टी सांगायला लावतात. रंगमंच गेला, पण चार माणसं समोर बसली की माझा आवाज आपोआप चढतो. तो दोष मरेपर्यंत जायचा नाही.

त्या दुपारी मी माझा हुकमी किस्सा काढला होता. आमच्या नाटकमंडळीत एकदा पुण्याहून एक नटी पाहुणी म्हणून आली. गोड गळा, स्वच्छ भाषा. प्रणयाचा प्रवेश होता. आत जाण्याआधी तिनं विंगेत उभ्या असलेल्या सेवकरामला विचारलं, "नायक आले का?" सेवकराम आमचा जनरेटरवाला. तो म्हणाला, "येऊन राहिले, बाई."

आमच्या झाडीच्या बोलीत याचा अर्थ एवढाच की नायक येतोय, वाटेत आहे. पुण्याच्या बाईंना वाटलं, नायक येऊन थांबलाय. त्या ऐटीत रंगमंचावर गेल्या, दोन्ही हात पसरले आणि म्हणाल्या, "आलात ना, प्राणनाथ?" नायक मीच, आणि मी तेव्हा मांडवामागे बशीत चहा ओतत होतो. मागच्या रांगेतून एक म्हातारा ओरडला, "नाई आला वो बाई! च्या पिऊन राहिला तो!"

एवढं सांगितलं की लोक पोट धरून हसतात. शिवाय किस्सा सेवकरामचा आणि रत्नपाल हा सेवकरामचा मुलगा. बाप वारलेला. बापाच्या गमतीवर मुलगा सगळ्यांत मोठ्यानं हसेल असं मला वाटलं होतं. तो गेला त्या दिशेकडे मी बघत राहिलो. कलावंताला टाळी चुकली की झोप लागत नाही.

रत्नपालला मी तो जनरेटरच्या उबेला निजायचा तेव्हापासून ओळखतो. आई धुरपताबाई धानाच्या बांधावर मजुरीला जायची, त्यामुळे नाटकाच्या दिवसांत पोरगं बापाबरोबर आमच्या गाडीत. सेवकराम त्याला शिकवायचा, यंत्राला आधी कान लावायचा, मग हात. पुढं गोंदियाच्या आयटीआयमध्ये तो फिटर झाला. नागपूरला एका कारखान्यात राहिला आणि तिथून हैदराबादला एका खाजगी कंपनीत लागला. ती कंपनी एक लहान अग्निबाण तयार करत होती. सरकारी नाही, स्वतःचा. लहान लहान उपग्रह पृथ्वीभोवती फिरत ठेवायचे, हे त्यांचं काम.

गावात तो राकेटवाला झाला. धुरपताबाई बौद्ध विहारात बसली की बायका विचारायच्या, "कधी उडते वो तुझ्या पोराचा राकेट?" जणू काही रत्नपालनं तो घरच्या अंगणात उभा केला होता.

राकेट उडायचा, पण पोचायचा नाही. पहिल्यांदा तो उठला, जरा वर गेला, कलला आणि समुद्रात पडला. गाव म्हणालं, पहिलटकरीण आहे, होते असं. दुसऱ्यांदा चांगला उंच गेला, ढगात शिरला आणि ढगाच्या आतच भडकला. गाव गप्प झालं. तिसऱ्यांदा खालचा मजला गळून पडला, पण वरच्या मजल्याचं इंजिन पेटलंच नाही. मग गावाची जीभ सुटली. चहाच्या टपरीवर लोक क्रिकेटसारखा हिशेब सांगू लागले, तीन चेंडू आणि तीन विकेट. त्या तिसऱ्या पडण्यानंतर रत्नपाल नोकरी सोडून घरी आला. आईची तब्येत बरी नसते म्हणाला. धुरपताबाई त्या आठवड्यात चिखलात उभी राहून धानाची रोवणी करत होती.

आता तो टेकचंद पटलेच्या राईस मिलमध्ये यंत्रं सांभाळतो. टेकचंद जिभेनं तिखट, मनानं बरा. "आमच्या इथं धान कांडते गा हा," तो लोकांना सांगतो, "वर गेला तं फक्त कोंडाच जाते."

आणि एक गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात आली होती. रत्नपाल आमच्यासारखा बोलेना. "पट्टा लावून राहिला का गा?" असं टेकचंदनं विचारलं तर तो म्हणायचा, "नाही झालं." थोड्या वेळानं म्हणायचा, "झालं." मधलं काहीच नाही. जाऊन राहिलो, करून राहिलो, आमच्या श्वासात असलेले हे शब्द त्याच्या तोंडात येईनात. लोक म्हणाले, शहराची हवा लागली. मलाही तसंच वाटलं, आणि मी मनात त्याला थोडा हिणवला होता.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात उभा होता. चप्पल काढली, आत आला, खाली बसला. मी खाटेवर.

"काकाजी, तो कालचा किस्सा पुन्हा नका सांगू."

"काऊन रे? तुझ्या बापाची गंमत आहे ती."

"त्या बाईचं पुढं काय झालं?"

आजवर हा किस्सा ऐकून कुणी हे विचारलं नव्हतं. मी आठवून पाहिलं. मालकानं तिला झापलं होतं, नीट ऐकत जा म्हणून. सेवकरामला कुणी काही बोललं नाही. तो पडला घरचा माणूस.

"हं," रत्नपाल म्हणाला. "तसंच झालं."

मग त्यानं सांगितलं. सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता, कोपऱ्यातल्या माझ्या पत्र्याच्या मेकअपच्या पेटीकडं बघत होता.

हैदराबादच्या त्या कंपनीत सगळे हिंदी नाहीतर इंग्रजी बोलायचे. मराठी माणसं मोजकी. त्यांत एक होती ऋजुता आगाशे, पुण्याची इंजिनियर. वयानं त्याच्याएवढीच, पण पदानं मोठी, म्हणून तो तिला मॅडम म्हणायचा. डब्यातली भाजी वाटून खायची. "रत्नपाल, आपण दोघं असलो की मराठीच बोलायचं हं," असं तिनंच ठरवलं होतं. त्याला ते फार गोड वाटायचं. परक्या गावात आपल्या भाषेत कुणी नावानं हाक मारणं म्हणजे काय, हे दौऱ्यावर जगलेल्या माझ्यासारख्याला सांगायला नको.

दुसऱ्या उड्डाणाआधी तो अग्निबाणाच्या पोटाशी चढला होता. इंधनाच्या नळीचा एक जोड कसायचा होता. ऋजुता दूर कंट्रोल रूममध्ये, दोघांच्या कानांवर हेडसेट. नट आट्यांवर बसू लागला होता, पण अजून पुरता कसला नव्हता. तिनं विचारलं, "खालचा जोड?"

"मी म्हटलं, 'धरून राहिला.'"

मला क्षणभर कळलं नाही. मग विंगेतला सेवकराम आठवला.

आमच्यासाठी धरून राहिला म्हणजे आता कुठं धरतोय, काम चालू आहे. पुण्याच्या कानाला धरून राहिला म्हणजे घट्ट धरून बसलाय, आता सुटत नाही. तिनं जोड पक्का झाल्याची खूण केली. तेवढ्यात भोंगा वाजला. आभाळ भरून आलं होतं आणि वीज पडायच्या आत सगळ्यांना खाली उतरायचं होतं. रत्नपाल पाना घेऊन उतरला. आपण तर सांगितलंय, काम अर्धं आहे. पाऊस उघडला की पुढची पाळी कसेल. पुढच्या पाळीला सांगितलं होतं की तो जोड झालाय. त्याला कुणी हातही लावला नाही, आणि ढगात इंधन तिथूनच गळलं.

"हिंदीत बोललो असतो ना काकाजी, तं काहीच झालं नसतं," तो म्हणाला. "'पकड़ रहा है' म्हटलं असतं, तिला बरोबर समजलं असतं. आम्ही मराठीत बोललो, हौसेनं."

मी त्याला म्हटलं, यात तुझा गुन्हा काय? तू खरं तेच सांगितलंस. तिनंही ऐकलं तेच धरलं. दैवाचा खेळ. मी हात वर करून तो खेळ दाखवलासुद्धा.

"पुढचं ऐका," तो म्हणाला.

चौकशी बसली. मोठी खोली, मोठं टेबल. त्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणात वाऱ्याची नुसती खरखर होती, शब्द लागत नव्हते. ऋजुतानं सरळ सांगितलं, रत्नपाल 'धरून राहिला' म्हणाले, म्हणून मी खूण केली. टेबलाशी बसलेला एक मुंबईचा साहेब मोठ्यानं हसला. "धरून राहिला? म्हणजे काय, नट रुसला होता की काय?" जे मराठी नव्हते तेही त्याच्या हसण्याला हसले. मग सगळ्यांनी रत्नपालकडं पाहिलं.

"माझे कान गरम झाले, काकाजी. आयटीआयपासून ऐकतो हे. कोणी म्हणे गावठी, कोणी म्हणे हिंदीची नक्कल. त्या खोलीत मले वाटलं, आता अर्थ सांगत बसलो तं अजून हासतील. मी म्हटलं, 'मी असं बोललोच नाही. मी धरतोय म्हणालो. मॅडमनं ऐकण्यात चूक केली.'"

बाहेर कोंबडी ओरडत होती. मी तिला हाकललं नाही.

"तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. जसं आपण काही विसरलो की पाहतो ना, तसं." त्यानं तळहातानं तोंड पुसलं. "तिला उड्डाणाच्या कामावरून काढलं. खरेदीच्या खोलीत बसवलं. डबा घेऊन ती दुसरीकडं बसायला लागली. आणि तिसरा राकेट पडला तवा..."

"तवा काय?"

"मले बरं वाटलं. सगळे रडत होते आणि मले आतून बरं वाटलं, का हा तं माझ्यानं नाही पडला. म्हणजे माझा एकट्याचा दोष नाही. त्याच दिवशी मी सामान भरलं. तसा माणूस तिथं कायले पाहिजे?"

चौथा अग्निबाण आता उभा राहत होता. थोड्या आठवड्यांत उडणार होता. ऋजुता अजून खरेदीच्या खोलीतच होती.

मी खलनायकाच्याही डोळ्यांत पाणी आणणारा माणूस. मला वाटलं, हे तर माझं क्षेत्र. म्हटलं, "फोन कर तिला. मी तुला वाक्यं बसवून देतो." आणि दोन दिवस आम्ही त्याच्या घरी तालीम केली. मी तयार केलेली सुरुवात अशी होती: "ऋजुताताई, अपराधाच्या ओझ्यानं वाकलेला एक माणूस आज आपल्या दाराशी उभा आहे." रत्नपाल ते पाठ म्हणायचा. मी सांगायचो, ओझ्यानं म्हणताना श्वास सोड. धुरपताबाई चुलीपाशी तांदूळ निवडत ऐकत होती. मुलाचं पाप तिलाही त्याच दिवसांत कळलेलं. ती मान वर न करता म्हणाली, "केशोराव भाऊ, पोराले माफी मागाले शिकवून राहिले का नाटक?"

"बाई, शब्द नीट पाहिजेत."

"शब्द नीट केले म्हणून तं एवढं झालं. तिथं याचा शब्द याले गोड लागला नाही, म्हणून पुन्याचा घेतला. आता तुमचा घेऊन राहिला."

मी तालीम बंद केली. आयुष्यात माझ्यावर एवढी नेमकी टीका कुणी केलेली नाही.

दुपारी त्यानं फोन लावला, स्पीकरवर. मी आणि धुरपताबाई तिथंच बसलो होतो, त्यानंच बसवलं होतं. घंटी बरीच वाजली.

"हॅलो?"

"मॅडम, रत्नपाल बोलतो. शहारे."

"बोला."

"मॅडम, मी त्या दिवशी 'धरून राहिला' असंच म्हटलं होतं. आमच्याकडं त्याचा अर्थ होते का काम चालू आहे. तुम्ही बरोबर ऐकलं. मी खोलीत खोटं बोललो."

फोन तुटला का म्हणून त्यानं पडद्याकडं पाहिलं.

"मी आईला विचारलं होतं," ती म्हणाली. आवाज बारीक, पण सरळ. "असं कुणी बोलतं का गं म्हणून. ती म्हणाली, कुणी नाही बोलत. मला वाटायला लागलं की तो शब्द मीच मनात तयार केला. त्यानंतर मी कुणाचंही बोलणं दोनदा विचारते. भाजीवाल्यालासुद्धा. माझ्या कानांवरचा विश्वास गेला, रत्नपाल."

"हो, मॅडम."

"हे मला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच होतं. म्हणजे... आता माहीत झालं. ज्यांच्यासमोर बोललात, त्यांच्यासमोर सांगा."

"येतो."

"आणि मी माफ केलं असं म्हणणार नाही. आत्ता तरी नाही."

फोन ठेवल्यावर धुरपताबाई उठली आणि त्याच्या पिशवीत कपडे भरू लागली.

तो गेला तेव्हा मी स्टेशनवर होतो. जाताना त्यानं एकच विचारलं, "काकाजी, लोकांसमोर पाय कापतात तवा काय करायचं?" मी म्हटलं, "कापू द्यायचे. प्रेक्षक तोंडाकडं पाहतात."

तिथं काय झालं ते परत आल्यावर त्यानं थोडक्यात सांगितलं. तीच खोली होती, तेच टेबल. मुंबईचा साहेबही होता. कंपनीचे मोठे साहेब तेलुगू. रत्नपालनं त्यांना हिंदीत समजावलं, "सर, हमारे उधर पकड़ रहा है को धरून राहिला बोलते हैं. मैंने यही बोला था. मैडम ने सही सुना. मैंने झूठ बोला." मोठ्या साहेबांनी विचारलं, "तो उस दिन क्यों नहीं बताया?" तो म्हणाला, "शरम आई, सर. अपनी बोली की." साहेबांनी मुंबईच्या साहेबाकडं पाहिलं. तो टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसला होता.

"आणि ऋजुता?" मी विचारलं.

"ती होती. काही बोलली नाही. मी निघालो तं दारापर्यंत आली आणि म्हणाली, जेवून जा. मी नाही जेवलो."

"काऊन?"

"तिनं डबा पुढं केला असता ना, काकाजी, तं मी रडलो असतो."

मोठ्या साहेबांनी त्याला परत कामावर घेतलं नाही. तुझ्या हातांवर शंका नाही म्हणाले, पण वर चढलेल्या माणसाच्या तोंडावर भरवसा लागतो. रत्नपालला ते पटलं. मला पटलं नाही. मी दोन दिवस त्या साहेबाला मनातल्या मनात संवाद ऐकवत होतो.

चौथ्या उड्डाणाच्या सकाळी टेकचंदनं मिल बंद केली. हंगामात मिल बंद ठेवणारा हा माणूस नव्हे. "अर्धा तास," तो म्हणाला, "आजबी पडला तं तुले पुन्हा कोंड्यात गाडतो गा." पोत्यांच्या थप्पीवर मोबाईल टेकवला. टेकचंद, धुरपताबाई, मी आणि रत्नपाल. यंत्र थांबलं की मिलमध्ये केवढी शांतता होते, ते मला तेव्हा कळलं. हवेत तूस तरंगत होतं.

पडद्यावर आधी ती कंट्रोल रूम आली. माणसांच्या रांगा, प्रत्येकासमोर पडदा. कॅमेरा हळूहळू सरकला. दुसऱ्या रांगेत एक सडपातळ मुलगी होती, केस मागं बांधलेले, कानावर हेडसेट. रत्नपाल पुढं वाकला.

"तीच का?" धुरपताबाईनं विचारलं.

त्यानं मान हलवली. मग तो पोत्यावरून उतरला आणि उभाच राहिला. त्या खोलीतली माणसं जणू त्याला पाहू शकत होती.

धूर झाला, आग झाली, आणि तो पांढरा लहानसा दांडा उचलला गेला. कलला नाही. ढग आला, ढगात शिरला. धुरपताबाईनं पदर तोंडावर धरला. ढगाच्या वर पुन्हा एक ठिपका दिसला.

"गेला का गा?" टेकचंद ओरडला.

रत्नपाल पडद्याकडं बघत म्हणाला, "जाऊन राहिला."

धुरपताबाईनं माझ्याकडं पाहिलं. हैदराबादहून परतल्यापासून तो शब्द त्याच्या तोंडातून आम्ही पहिल्यांदा ऐकला होता.

खालचा मजला सुटला. वरचं इंजिन पेटलं, तांबूस, स्थिर. टेकचंदला धीर निघेना. "अबे, किती जाऊन राहिला! गेला म्हण ना एकदाचा!"

"नाई," रत्नपाल म्हणाला. "अजून जाऊन राहिला."

बराच वेळ गेला. मग पडद्यावरच्या खोलीतली सगळी माणसं एकदम उठली. मिठ्या, टाळ्या, कुणी टेबलावर चढलेलं. उपग्रह आपल्या वाटेला लागला होता. दुसऱ्या रांगेतली ती मुलगी मात्र बसूनच होती. दोन्ही हातांनी हेडसेट कानांवर दाबून धरलेला, डोळे मिटलेले. पलीकडचं कुणीतरी काहीतरी सांगत असावं आणि ती ते शेवटपर्यंत ऐकून घेत होती. ऐकून झाल्यावर तिनं मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. खूण केली आणि मग ती उठली.

"गेला," रत्नपाल म्हणाला.

टेकचंदनं त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की कोंडा उडाला. जिलेबी आणायला माणूस पाठवला. मला वाटलं होतं, रत्नपाल रडेल किंवा हसेल. निदान फोन तरी लावेल. त्यानं मोबाईल उचलला, आईच्या हातात दिला आणि अर्धवट सोडलेला पट्टा चढवायला यंत्राकडं गेला.

मी हळूच विचारलं, "लावतोस का फोन तिला? अभिनंदन तरी कर."

"नाई, काकाजी. तिचा दिवस आहे. मी त्यात कायले जाऊ?"

जिलेबी आली. टेकचंद दारातून ओरडला, "ये गा राकेटवाल्या, थंडी होते! झाला का पट्टा?"

यंत्राच्या आडून आधी पान्याचा आवाज आला, मग त्याचा.

"लावून राहिलो, पटलेभाऊ. लावून राहिलो."